आजचा कितवा?

अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवून आमच्या डॉक्टरीणबाई विचारायच्या, "आजचा कितवा?"

समोर कोण उभं आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. दूधवाला म्हैस आटल्याचं रडगाणं सांगायला लागला की बाईंचा अंगठा पेरांवरून चालू लागायचा. "व्याली कधी? आजचा कितवा?" आमच्या कंपौंडरने एकदा चुलतसासऱ्याच्या दहाव्यासाठी चार दिवसांची रजा मागितली. बाईंनी वारल्याचा वार विचारला, पेरं मोजली आणि म्हणाल्या, "आजचा सातवा. तीन दिवस कामाला ये, मग दहाव्याला जा." तेव्हापासून नात्यातलं कुणी गेलं की कंपौंडर आधी स्वतः बोटं मोजायचा आणि मगच बाईंसमोर यायचा.

पेरांवर दिवस मोजणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या बायका तर जन्मभर तेच करतात. पण बाई का मोजतात हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाची खोड असेल.

पूर्णेला रुळांच्या पलीकडे दोन लिंबांच्या मागे बायकांचा एक लहानसा दवाखाना होता. सहा खाटा, एक कंपौंडर, डॉक्टरीणबाई आणि खाटांखालची भांडी उचलायला, सुया-कात्र्या उकळायला मी. निजामाचं राज्य होतं, तिकडे विलायतेत मोठी लढाई नुकती सुरू झाली होती. माझं माहेर वालूरचं. मालक रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं धुवायचे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला या कामाला लावलं. "घरात बसून तरी काय करायलीस? तितं बाळंतिणीचा वारा तरी लागंल," म्हणाल्या.

बाई हैदराबादच्या. घरची भाषा मराठी, डॉक्टरी उर्दूतून शिकलेल्या आणि वाचायच्या ती जाडजूड पुस्तकं इंग्रजी. चाळिशी अजून थोडी लांब होती. लग्न केलंच नव्हतं की मोडलं होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. उंच, हडकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रागावल्या की आवाज आणखी बारीक व्हायचा. "सबर," त्या म्हणायच्या. "घाई केली की हिसाब चुकतो."

दवाखान्याच्या मागच्या पडवीत पिंजरा होता आणि पिंजऱ्यात रानी. रानी म्हणजे लाल तोंडाची माकडीण. एका मदाऱ्याची बायको आमच्याकडे बाळंत झाली. रानी आता लोकांना चावते, खेळाला चालत नाही, असं सांगून तो मदारी जाताना तिला बाईंच्या पायाशी ठेवून गेला. बाईंनी तिला ठेवून घेतली. आम्हाला वाटलं दया आली. दोन-तीन दिवसांनी पाहते तर बाई पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसलेल्या, अंगठा पेरांवर.

"बगा न बाई, काय बगायल्याव?" मी विचारलं.

"ही पण आपल्यासारखीच आहे," बाई म्हणाल्या. "गाय नाही, कुत्री नाही. माकडीण आणि बाई. महिन्याच्या महिन्याला."

ही बातमी खाटांवर पोचायला वेळ लागला नाही. माकडिणीलाही कावळा शिवतो म्हटल्यावर आमच्या बायका हसाव्यात की घाबराव्यात ते ठरेना. वसमतकडची एक म्हातारी सुनेच्या बाळंतपणाला येऊन राहिली होती. तिने फर्मान काढलं की रानीला ते चार दिवस बाजूला बसवावं. "पिंजऱ्यातच तर हाय ती, अजून किती बाजूला बसवू?" मी म्हटलं. म्हातारी ते चार दिवस पडवीवरून पाणी आणायची नाही, सगळ्या इमारतीला वळसा घालून यायची.

पण रानीची मला भीती वाटायची हे खरं. मारुतीच्या जातीचं जनावर, त्याला कोंडायचं, त्याचं ते दिवस मोजायचं. घरी जाताना मी मारुतीच्या देवळासमोर उभी राहून रोज माफी मागायची. माफी मागून झाली की लगेच पोर मागायची. दोन्ही एकदम मागणं बरं दिसत नाही हे कळायचं मला, पण वेळ नसायचा.

लढाईमुळे कागद मिळेनासा झाला होता. म्हणून बाई रानीचा हिशेब मागच्या खोलीच्या भिंतीवर मांडायच्या. रोज कोळशाची एक उभी रेघ. ते दिवस आले की रेघेखाली गेरूचा ठिपका. महिना सरला की खाली नवी ओळ, ओळीच्या सुरुवातीला महिन्याचं नाव. मला अक्षर येत नव्हतं, पण ती बारा नावं पाहून पाहून मी ओळखायला लागले. दिवाळीला सगळ्या दवाखान्याला चुना लागायचा, त्या एका भिंतीला नाही.

एक दिवस बाईंनी मलाच धरलं. "तुझा कितवा?"

मी मान खाली घातली. माझा हिशेबच नव्हता. कधी दोन-दोन महिने काही नाही, कधी आलं की थांबायचं नाव नाही. घरी बाजूला बसले की आत्याबाई पाण्याचा तांब्या पायाने माझ्याकडे सरकवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या गप्प राहण्याची मला इतकी धास्ती बसली होती की पोटात कळ आली तरी हातपाय गार पडायचे.

त्या दिवसापासून रानीच्या ओळींशेजारी माझीही ओळ सुरू झाली. माणसाचं आणि माकडाचं एका भिंतीवर. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, या भीतीने मी त्या खोलीचं दार कायम लोटून ठेवायची.

श्रावणात आत्याबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या भावाची मुलगी मानवतला होती, पंधरा वर्षांची. "तुळशीचं लगीन झालं की बोलणी करू," त्या चुलीतली लाकडं पुढं सारत म्हणाल्या. "मार्गशीर्षात अक्षदा. तू ऱ्हा की. तुला कोन हाकलायलंय? दोघी बहिणीवानी ऱ्हावा."

मालक ताटावर बसले होते. ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीत दोन घरं सोडून एक थोरली होती. तिच्या सवतीला तीन मुलगे झाले होते. थोरली ओसरीवर जेवायची, पोरांचं उष्टं काढायची आणि सगळ्यांनी हाक मारली की "जी" म्हणायची. मला रोज तीच दिसायची, अन् तिच्या जागी मी.

मी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी अंगठा पेरांवर ठेवला, तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस मोजले आणि कपाटातून एक खोका काढला. मुंबईहून कुणाकडून तरी मागवलेला. आत कापसात काचेच्या बारीक कुप्या, कुप्यांत तेलासारखं पिवळट औषध.

मग बाईंनी मला समजावलं. बाईंसारखं समजावणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. माझ्यासारख्या अंगठेबहाद्दर बाईलाही त्या सगळं सांगायच्या, काही वगळायच्या नाहीत. म्हणाल्या, गर्भाशयाच्या आत अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं, मऊ होतं, पाहुणा येणार म्हणून अंथरूण घालावं तसं. अंडं सुटतं त्या जागी एक पिवळी गाठ होते, तिच्यातला रस अस्तराला तयार ठेवतो. पाहुणा आला नाही की रस आटतो, अस्तर गळून पडतं, तेच आपलं बाजूला बसणं. "तुझी ती गाठच धड होत नसेल. हा तोच रस आहे, कुपीत भरलेला."

आणि मग बाई अशा खुलल्या की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "परदेशात एकानं काय केलं ठाऊक आहे? माकडिणीला हे औषध दिलं आणि तिच्या गर्भाशयात नुसता एक दोरा घातला. दोरा! तर अस्तराला वाटलं मूलच आलं. ते फुगलं, दोऱ्याभोवती घर बांधायला लागलं. औषध नसताना काही करा, ढिम्म हलत नाही. योग्य दिवस असला की दोराही चालतो."

बाई हसल्या, मीही हसले. पण तो दोरा माझ्या डोक्यातून गेला नाही. माझ्या मनात इतकंच राहिलं, की औषध आणि दोरा, म्हणजे मूल.

भाद्रपदात बाईंनी आधी रानीला दहा दिवस दहा सुया टोचल्या. कंपौंडर तिचे हात धरायचा, मी तोंडावर घोंगडी टाकायची. भिंतीवर सुयांच्या दिवसांच्या रेघांवर कोळशाच्या फुल्या. सुया चालू होत्या तोवर रानीचा दिवस टळला. सुया थांबल्यावर बरोबर तिसऱ्या दिवशी गेरूचा ठिपका पडला. बाई दिवसभर गुणगुणत होत्या.

"आता माजी पाळी," मी म्हटलं. दंड पुढे केला.

"दंडात नाही देत ही," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तू अजून एक महिना थांब."

"कामून बाई? रानीला लागू पडलं की."

"रानी माकडीण आहे. तू नाहीस. आश्विन जाऊ दे. सबर."

मला रडू कोसळलं. एक महिना म्हणजे काय हे बाईंना कुठे कळत होतं? त्यांना ना सासू, ना सवत. तो सगळा आश्विन मी मनातल्या मनात बाईंना शिव्या घातल्या. त्याही त्या महिन्यात बऱ्या नव्हत्या. खुर्चीत एका अंगावर बसायच्या, चालताना पाय ओढायच्या, एरवी आवाज न चढवणाऱ्या बाई कंपौंडरवर दोनदा खेकसल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "मांडीला गळू झालंय." मी पोटीस करून आणलं तर दारातूनच परत पाठवलं. कंपौंडर म्हणाला, "डाक्टरणीला गळू झाल्यावर दाखवावं कुनाला?" त्याच आठवड्यात बाईंनी पुस्तकांची लोखंडी पेटी मागच्या खोलीत, रेघांच्या भिंतीला लावून ठेवली. त्यांच्या राहत्या खोलीत वाळवी लागली म्हणे.

कार्तिकात माझ्या सुया सुरू झाल्या. तेलाची सुई, कमरेखाली. ओठ दाबून धरला तरी कळ मस्तकात जायची. दुसऱ्या सुईला बाई मध्येच थांबल्या. मी वळून पाहिलं तर त्यांच्या कपाळावर घाम. मला धसकाच बसला. डॉक्टरच घाबरले तर आपण कुणाकडे बघायचं?

आत्याबाईंनी मानवतला निरोप धाडला होता. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. सहाव्या सुईच्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर निघाले आणि नदीकडच्या गल्लीत सुईणीकडे गेले. ही म्हातारी वांझोट्या बायकांना वात ठेवायची. सुताचा पीळ, कसल्याशा पाल्याच्या रसात भिजवलेला, पिशवीच्या तोंडातून आत सारायचा आणि दिवे लागायच्या आत काढायचा. लोक म्हणायचे तिच्या वातीने कितीकांचे पाळणे हलले.

"माय, दोराच हाय न त्यो?" मी विचारलं.

"मंग काय सुतळी हाय?" म्हातारी म्हणाली. "गप पड उगं."

मी दात आवळून पडून राहिले. दुखलं, पण मला आत कुठेतरी आनंदच होत होता. औषध बाईंचं, दोरा सुईणीचा. परदेशातल्या माणसाने जे केलं ते मी पूर्णेत जमवून आणलं होतं. बाईंना सांगितलं नाही. त्या सुईणीच्या नावाने दातओठ खायच्या.

दहा सुया झाल्या. बाई म्हणाल्या, "आता तिसऱ्या दिवशी येईल. आलं म्हणजे तुझं अस्तर शहाणं आहे, औषधाला ऐकतं. मग पुढच्या महिन्याचं बघू."

तिसरा दिवस गेला. काही आलं नाही. चौथा गेला. बाईंनी भिंतीवर रेघ ओढली आणि कोळसा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. पाचव्या दिवशी मला मळमळलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, अंगठा पेरांवर ठेवला आणि तिथेच विसरल्या. "सबर," त्या म्हणाल्या, पण डोळे भरले होते. "कुणाला सांगू नकोस अजून."

मी घरी जाऊन सांगितलं. कशी थांबणार? आत्याबाईंनी माझी दृष्ट काढली, डोक्याला तेल लावलं, सहा वर्षांत पहिल्यांदा. मानवतला दुसरा निरोप गेला, थांबा म्हणून. मालकांनी शेडमधून येताना रेवड्या आणल्या आणि माझ्या हातात न देता फडताळात ठेवल्या. दोन दिवस मी राणीसारखी राहिले. अंग कसकसत होतं, पण तेही मला डोहाळ्यांतच जमा वाटलं.

सातव्या दिवशी सकाळी दवाखान्यात भांडी उकळत होते. पोटात अशी कळ आली की मी चुलीसमोरच बसले. अंगात ताप फणफणत होता. बाईंनी आणि कंपौंडरने मला उचलून खाटेवर घातलं. मग कळांवर कळा, बाळंतिणीसारख्या, आणि रक्ताबरोबर काहीतरी सबंध बाहेर पडलं. मऊ, तिकोनी, लहान पिशवीसारखं. मी पाहिलं आणि ओरडले. मला वाटलं माझं मूल पडलं. मी वात घातली आणि मीच मारलं.

मग मी सगळं ओकले. सुईण, सूत, सहावी सुई.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं आता मारतील. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "दोऱ्याचं मीच सांगितलं. माझ्याच तोंडून गेलं."

नंतर त्यांनी कंपौंडरला बाहेर पाठवलं. पांढऱ्या वाडग्यात स्वच्छ पाणी घेतलं, ती पिशवी त्यात सोडली, वाडगं खिडकीपाशी नेलं आणि भिंग लावून बसल्या. मी तापाने थडथडत त्यांच्या पाठीकडे बघत होते. बाहेर मालगाडी शंटिंग करत होती, डबे एकमेकांना आदळत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तसा वेळ मी आयुष्यात पुन्हा काढला नाही, आणि पुढे मला बरंच काही भोगायचं होतं.

बाई वाडगं घेऊन माझ्या खाटेपाशी आल्या. "ऊठ. बघ."

"नगं बाई. मला भ्या वाटायलंय."

"म्हणूनच बघ." त्यांनी मला टेकून बसवलं, चिमट्याने पिशवीचं तोंड उघडलं. "ही आतली बाजू. गुळगुळीत आहे, दिसतं? मूल असतं तर इथे त्याची जागा असती, झालर असती. नाही. मी इंच न् इंच पाहिलं. यात कुणी नव्हतं. कुणी मेलं नाही. हे नुसतं अस्तर आहे, सगळंच्या सगळं एकदम आलंय. औषधानं ते तयार झालं, दोऱ्यालाच ते मूल समजलं आणि घर बांधायला लागलं."

"खोटं तर बोलत न्हाई न बाई?"

"मला येत नाही," बाई म्हणाल्या.

मी रडले. मूल गेलं म्हणून नाही, ते नव्हतंच. त्या दोऱ्यासाठी माझ्या शरीराने एवढं घर बांधलं याचं मला रडू आलं. माझी कूस मला रिकाम्या मडक्यासारखी वाटायची, तसंच सगळे सांगत आले होते. आणि ती तर आत मुकाट्याने अंथरूण घालत बसली होती.

ताप तीन दिवस उतरला नाही. वातीचं विष आत पसरलं तर बाईमाणूस वाचत नाही, हे मी त्याच खाटांवर पाहिलेलं होतं. दवाखान्यात होत्या त्या गोळ्या बाईंनी दिल्या आणि स्टूल टाकून बसल्या. एक हात माझ्या नाडीवर, दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवर. मी डोळे उघडले की त्या दिसायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, "बाई, सारखं काय मोजायल्याव?"

"मी घाबरट आहे ग," बाई म्हणाल्या. "लहानपणापासून. मोजत राहिलं की ओरडावंसं वाटत नाही."

मी त्यांचं ते बोट धरलं आणि झोपले.

ताप उतरल्यावर आत्याबाई आल्या. मधल्या दिवसांत मालक दारापर्यंत येऊन परत गेले होते म्हणे. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, पदर दातात धरलेला. "पडलं का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्या खचल्या होत्या. मला त्यांचीही कीव आली, ते इथे सांगायला हवं.

"पडायला काही नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या सुनेत खोट नाही. तिची कूस दोऱ्यालासुद्धा जागा देते. मी डोळ्यांनी पाहिलंय. आता तुमचा मुलगा राहिला. त्याला घेऊन या. माझ्याकडे बारीक बघायची काच आहे, पुरुषाचं थेंबभर पुरतं. बघून सांगते."

आत्याबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या दाराची चौकट धरून खाली बसल्या. "माज्या लेकाला काय बी न्हाई झालेलं."

"मग आणाच की. उद्या आणा." बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि दुसरी सून करायची तर खुशाल करा. वर्ष, दोन वर्षं जातील. ती पण अशीच बसली, तर मग लोक कुणाचे दिवस मोजतील, याचा हिसाब तुम्हीच करा."

आत्याबाई चौकट धरून उठल्या. मी त्यांच्याकडे पाहत होते. इतकी वर्षं जी भीती मी उराशी घेऊन फिरत होते, ती माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या चेहऱ्यावर चढली.

त्या गेल्यावर बाई स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. "मला पक्कं काहीच माहीत नाही," मला म्हणाल्या. "त्याच्यात दोष असेल, नसेलही. मी त्या बिचारीला घाबरवलं. माझ्याकडे दुसरं औषध नव्हतं."

मालक काचेपाशी कधी आले नाहीत. मानवतच्या मुलीची पत्रिका जुळत नाही असं आत्याबाईंनी महिन्याभराने जाहीर केलं. फडताळातल्या रेवड्यांना मुंग्या लागल्या, मी त्या झाडाखाली टाकल्या. मला मूल झालं नाही. पण मी ओसरीवर जेवले नाही. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी राहिले आणि आत्याबाईंचं शेवटचं सगळं मीच केलं. उरलेल्या कुप्या बाईंनी पुन्हा कुणाला टोचल्या नाहीत.

रानी म्हातारी होऊन मेली. शेवटच्या दोन वर्षांत तिच्या ओळींत गेरू नव्हताच, नुसत्या रेघा. तरी बाई रोज ओढायच्या.

मग निजामाच्या राज्याचे ते शेवटचे वाईट दिवस आले. खेडी रिकामी व्हायला लागली, गाडी कधी येईल याचा भरवसा राहिला नाही, संध्याकाळ झाली की गल्लीतली दारं बंद. हैदराबादला बाईंची आई एकटी होती. एका सकाळी बाईंनी लहानशी पिशवी घेतली. मी रुळांपर्यंत पोचवायला गेले. "पंधराव्या दिवशी येते," त्या म्हणाल्या. "तू मोज."

मी मोजले. पंधरा झाले, तीस झाले. पेरं संपली की पहिल्यापासून. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तिकडून येणाऱ्यांना विचारलं, कुणाला काही ठाऊक नव्हतं. पुढे राज्यच बदललं. बाई आल्या नाहीत.

नवे डॉक्टर आले. भले होते. त्यांनी सगळ्या दवाखान्याला चुना द्यायला सांगितला, त्या भिंतीलासुद्धा. चुनेवाल्याने आणि मी मिळून पुस्तकांची पेटी ओढून बाजूला केली. पेटीमागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, आणखी एक ओळ होती. कुणाला दिसू नये अशा जागी काढलेली.

सुरुवातीला लिहिलं होतं आश्विन. रानीच्या फुल्या भाद्रपदातल्या, माझ्या कार्तिकातल्या. आश्विनात कुणाला सुया दिल्याच नव्हत्या. मी तर महिनाभर नुसती थांबून होते, बाईंच्या नावाने बोटं मोडत.

चुनेवाला बादली घेऊन उभा. "बाई, कुनाच्या खुना हायत ह्या? फिरवू का कुंचा?"

"थांब जरा," मी म्हटलं आणि खाली बसून अंगठा पेरांवर ठेवला.

दहा फुल्या होत्या. मग दोन नुसत्या रेघा. तिसऱ्या रेघेखाली गेरू.

गळू झालंय म्हणे.